मिल घेणे आणि मिल चालवणे

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'शेतीमाल प्रक्रिया' असे छापले आहे. हे दोन शब्द ऐकले की तुमच्यातले निम्मे लोक मनातल्या मनात घड्याळाकडे बघतात, हे मला ठाऊक आहे. गेली तीस-चाळीस वर्षे जो कोणी पाहुणा शेतकऱ्यांच्या व्यासपीठावर चढतो, तो हेच सांगून उतरतो. कच्चा माल विकू नका, प्रक्रिया करा, चार पैसे जास्त मिळवा. सांगणाऱ्याने स्वतः कधी यंत्राचा पट्टा चढवलेला नसतो, की किराणा दुकानदाराकडे अडकलेल्या पैशासाठी चार हेलपाटे घातलेले नसतात.

मी 'प्रक्रिया करा' असे सांगायला उभा नाही. ज्यांनी केली त्यांचे काय झाले, एवढेच सांगणार आहे. तुमच्या तालुक्यात फिरून बघा. कुठे बचत गटाची डाळ मिल ताडपत्रीखाली झाकलेली दिसेल, कुठे शेवयांच्या यंत्रावर कोंबड्या बसलेल्या दिसतील. आणि त्याच तालुक्यात एखाद्या आडगावी पत्र्याच्या शेडमध्ये तसलीच लहान मिल दहा-दहा वर्षे चालू असलेली दिसेल. यंत्र तेच, तूर तीच, लाइटही त्याच फिडरवरची. मग एक बंद का पडली आणि दुसरी का चालली? याचे उत्तर कोणत्या योजनेच्या पुस्तिकेत नाही. ते हिशेबात आहे.

मी डाळीवर जास्त बोलेन आणि ज्वारीवर थोडे. लोणची, मुरंबे, टोमॅटोचा सॉस हे विषय ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांचे. आपण कोरडवाहू माणसे. कपाशीच्या आठ-दहा तासांमागे तुरीचे एक-दोन तास आणि कणगीत ज्वारी, हे आपले भांडवल.

तुरीचा प्रवास आधी बघू. जानेवारी-फेब्रुवारीत तूर खळ्यावर येते. तुम्ही ती पोत्यात भरता, गाडीभाडे देऊन बाजार समितीत नेता. तेथे हमाली, तोलाई होते. व्यापारी ती अकोल्याला, लातूरला किंवा नागपूरला मोठ्या मिलवर पाठवतो. तेथे तिची डाळ होते, पॉलिश होते, पुन्हा पोत्यात भरली जाते, पुन्हा भाडे, पुन्हा हमाली, ठोक व्यापाऱ्याचा नफा, किरकोळ दुकानदाराचा नफा. मग ती डाळ तुमच्याच गावच्या दुकानात येते आणि तुम्हीच ती विकत घेता. तुरीने केलेल्या या दोनशे-तीनशे किलोमीटरच्या यात्रेचे तिकीट जाताना तुमच्या भावातून कापले जाते आणि येताना तुमच्या खिशातून.

लहान मिलला जी जागा आहे ती या यात्रेत आहे. नीट लक्षात घ्या, अकोल्याच्या मिलशी यंत्राच्या जोरावर तुम्ही स्पर्धा करू शकणार नाही. तिच्याकडे दाण्याचा रंग पाहून काळा दाणा बाजूला फेकणारे यंत्र आहे, देशभरच्या बाजारातून आणि परदेशातून तूर उचलण्याची ताकद आहे. ती एका दिवसात जेवढी तूर भरडते तेवढी तुमची मिल महिन्यात भरडणार नाही. तिची प्रत्येक क्विंटलमागची मजुरी तुमच्यापेक्षा कमीच असणार. पण तुमच्या गावची तूर गावातच भरडून गावात आणि तालुक्यात खायला घालण्याच्या कामी ती तुमच्याशी स्पर्धा करू शकत नाही, कारण तिला भाडे लागते आणि तुम्हाला लागत नाही. शिवाय चुणी! मोठ्या मिलची चुणी पशुखाद्याच्या कारखान्याला जाते. तुमची चुणी शेजारचा म्हैसवाला दारातून रोख पैसे देऊन घेऊन जातो. ज्याला ही आपली हद्द कळली त्याची मिल चालली. ज्याने पहिल्याच वर्षी मुंबईच्या बाजारात डाळ पाठवायचे स्वप्न पाहिले, त्याच्या यंत्रावर ताडपत्री आली.

आता हिशेबाची पहिली ओळ. उतारा. मी शेतकी कॉलेजात शिकलो म्हणून थोडे शास्त्र सांगतो, कंटाळू नका. तुरीच्या दाण्याची साल हरभऱ्यासारखी सहज सुटत नाही. साल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. तो सैल केल्याशिवाय दाणा यंत्रात घातला, तर सालीबरोबर डाळही खरवडली जाते, तिची भुकटी होते आणि ती चुणीत जाते. म्हणून आधी तूर चाळून दाण्यांची आकारवार प्रतवारी करायची, सालीला यंत्रावर बारीक ओरखडे पाडायचे, तेलाचा हलका हात द्यायचा, रात्रभर ढीग दाबून ठेवायचा, उन्हात वाळवायची, पुन्हा पाण्याचा शिपका, पुन्हा दाबणे, पुन्हा वाळवणे. आपल्या आज्या जात्यावर डाळ करण्याआधी तुरीला तेल-पाणी लावून ठेवत, तेच हे शास्त्र. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने जी मिनी डाळ मिल तयार केली, तिची पद्धतही मुळात हीच आहे.

दाण्यात साल साधारण बारा ते पंधरा टक्के असते. म्हणजे क्विंटलमागे पंच्याऐंशी किलोच्या आसपास डाळ निघाली पाहिजे. तेवढी कोणाचीच निघत नाही. चांगल्या लहान मिलवर सत्तर ते पंचाहत्तर किलो निघते. घाई करणाऱ्याची त्याहून कमी. आता सत्तर आणि पंचाहत्तर यांत फरक कितीसा, पाच किलोचा, असे तुम्ही म्हणाल. समजा तूर सात हजार रुपये क्विंटल आहे आणि मिलवर डाळ एकशे दहा रुपये किलोने जाते. सत्तर किलो उताऱ्याला हातात ७,७०० रुपये येतात, पंचाहत्तर किलोला ८,२५०. फरक साडेपाचशे रुपयांचा. सत्तरवाल्याकडे तुरीचे पैसे वजा जाता सातशे उरले, त्यातून लाइट, मजुरी, तेल, पोते जायचे. पंचाहत्तरवाल्याकडे साडेबाराशे उरले. चुणी दोघांचीही विकली जाईल, सत्तरवाल्याची थोडी जास्तच, पण चुणीला डाळीचा भाव कोण देतो? तर हा साडेपाचशेचा फरक यंत्राच्या कंपनीमुळे पडत नाही. दोन दिवस जास्तीचे ऊन दाखवले की नाही आणि दाणे चाळून घेतले की नाही, यावर पडतो.

बंद पडलेल्या मिलवर गेलो की मी आधी वही मागतो. किती तूर घातली, किती डाळ निघाली, किती कणी, किती चुणी, किती घट, लाइटचे किती युनिट. बहुतेक ठिकाणी वही नसते. असते ती उधारीची. 'साहेब, अंदाजे बहात्तर किलो पडत होती.' अंदाजे! शेतकऱ्याच्या मापात पायली मारणाऱ्या व्यापाऱ्याचा अंदाज कधी चुकत नाही, आमचाच का चुकतो?

दुसरी ओळ, मिल वर्षातून किती दिवस फिरते. यंत्र, शेड, मोटर, लाइटची जोडणी मिळून समजा तीन लाख रुपये गुंतले. व्याज आणि झीज मिळून वर्षाला साठ हजार धरू. दिवसाला आठ क्विंटल भरडली आणि मिल वीसच दिवस चालली, तर १६० क्विंटल झाले. क्विंटलमागे यंत्राचा बोजा पावणेचारशे रुपये. तीच मिल एकशेवीस दिवस चालली तर ९६० क्विंटल, बोजा साडेबासष्ट रुपये. मिल बंद असते तेव्हाही व्याज चालूच असते, ते काही दिवाळीची सुटी घेत नाही. म्हणून चालणारी मिल फक्त तुरीवर बसून राहत नाही. तूर संपली की मार्चपासून हरभरा, मूग-उडीद आले की ते, आणि त्याच मोटरवर पिठाची चक्की, मिरची कांडप. गावात कोणी हसले तरी हसू द्या. 'डाळ मिलचा मालक मिरची कांडतो' असे ऐकून घेणारा माणूस माझ्या माहितीत तरी कर्जात नाही.

आता तिसरी गोष्ट. हिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घेणार, कारण लहान मिली इथेच मरतात. ती म्हणजे खेळते भांडवल आणि उधारी.

रोज आठ क्विंटल तूर सात हजारांनी घ्यायची म्हणजे रोजचे छप्पन हजार रुपये. तेल-पाणी-वाळवण यात पाच दिवस जातात. डाळ तयार झाली, दुकानदाराला दिली. दुकानदार म्हणतो, 'पैसे पुढच्या महिन्यात.' पुढचा महिना म्हणजे पंचेचाळीस दिवस. आता मोजा. तूर घेतल्यापासून पैसा परत यायला पन्नास दिवस. पन्नास गुणिले छप्पन हजार. अठ्ठावीस लाख रुपये! तीन लाखांच्या यंत्राला चालवायला अठ्ठावीस लाख रुपये हवेत, हे यंत्र विकणारा सांगत नाही आणि बँकेच्या प्रकल्प अहवालातही ते धड लिहिलेले नसते. महिन्याला एक टक्का व्याज धरले तर अठ्ठावीस हजार रुपये नुसते व्याजाचे. मग काय होते? पहिल्या पंधरवड्यात तूर घेतली, डाळ केली, उधारीत दिली, हातातले पैसे संपले. मिल थांबली. दुकानदाराचे पैसे येईपर्यंत तुरीचा हंगाम गेला, तूर महाग झाली. वर्षाला वीस दिवस चालणाऱ्या मिलचे रहस्य हे आहे. ती काही आळसाने बंद नसते. तिचे पैसे दुसऱ्याच्या दुकानात मांडी घालून बसलेले असतात.

तोच माणूस दहा दिवसांच्या उधारीवर अडून बसला, तर पाच आणि दहा मिळून पंधरा दिवसांचे भांडवल पुरते. म्हणजे आठ लाख चाळीस हजार. दुकानदाराला किलोमागे दोन रुपये सूट देऊन रोख पैसे मिळत असतील तर डोळे झाकून द्या. दोन रुपयांसाठी पंचेचाळीस दिवस थांबणे हा धंदा दुकानदाराला परवडतो, तुम्हाला नाही.

आणि ज्याच्याकडे आठ लाखही नाहीत त्याने काय करायचे? त्याने भरडाई करायची. शेतकऱ्याने तूर आणायची, आपण क्विंटलमागे ठरलेला दर घेऊन त्याची डाळ त्याला द्यायची. तूर त्याची, भावाची जोखीम त्याची, मजुरी आपली. त्यात मिशीला पीळ देण्यासारखे काही नाही, पेपरात फोटो येत नाही. पण उधारी नाही, तुरीत भांडवल अडकत नाही आणि दिवसभर मिल फिरते. पाहुण्यारावळ्यांसाठी, लग्नकार्यासाठी, शहरातल्या पोरासाठी गावोगावचे लोक वर्षाची डाळ करून नेतात. आडगावची जी मिल मी सुरुवातीला सांगितली, ती अशी भरडाईवर उभी असते. स्वतःची डाळ विकायला ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी लागते, तेही नफ्यातून तूर घेऊन.

तूर स्वस्त असताना भरून ठेवू, महाग झाली की विकू, असे ज्यांना वाटते त्यांनी दोन वर्षे आठवावीत. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. ते पाहून पुढच्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही चांगला झाला. २०१७ च्या सुरुवातीला बाजारात ५,०५० रुपयांचा हमीभावही मिळेना आणि खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. महाग तूर घेऊन ज्यांनी कोठारे भरली होती त्यांचे काय झाले असेल? शिवाय या खेळात पंच सरकार आहे आणि तो मध्येच नियम बदलतो. १५ मे २०२१ रोजी तुरीची आयात खुली केली. २ जून २०२३ ला तूर आणि उडदाच्या साठ्यावर मर्यादा घातली, आणि त्याच सप्टेंबरात ती आणखी आवळली. ठोक व्यापाऱ्याची मर्यादा दोनशे टनांवरून पन्नास टनांवर आली. जून २०२४ मध्ये तूर आणि हरभऱ्यावर पुन्हा मर्यादा. साठ्याच्या या आकड्यांत आपली चार पोती बसतात हे खरे, पण मर्यादेच्या बातमीने भाव पडतो तो सगळ्यांचाच पडतो. शेतकऱ्याच्या बाजूने याच्याविरुद्ध भांडायचे ते आपण भांडतोच. मिलचा मालक म्हणून मात्र इतकेच शिकायचे की आपला नफा भरडण्यात आहे, भावाच्या जुगारात नाही. तुरीची लवकर डाळ करण्याला आणखी एक कारण आहे. भुंगेरा साबूत दाण्यावर अंडी घालतो. डाळ झाली की त्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

एक गोष्ट बोलायला मला अवघड वाटते, तरी बोलतो. शेतीमालाच्या उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरलीच पाहिजे म्हणून आपण सरकारशी वर्षानुवर्षे भांडलो. ते बरोबरच होते. आणि आता आपल्यातला एखादा मिल टाकतो, तेव्हा त्याची बायको पहाटे उठून तूर वाळत घालते, सून चाळते, पोरगा पोती उचलतो. वर्षाअखेर तो सांगतो, 'साठ हजार नफा झाला.' मी विचारतो, मायबहिणींची मजुरी किती धरली? तो हसतो. धरलीच नाही! तीन माणसे चार महिने राबली, त्यांची रोजंदारी धरली तर तो साठ हजार नफा तोटा निघेल. कृषिमूल्य आयोगावर जो दोष आपण ठेवतो तोच दोष आपल्या वहीत असेल, तर मग भांडायचे कोणत्या तोंडाने? मजुरी धरा, ती त्यांच्या हातात द्या, आणि उरेल त्याला नफा म्हणा. न धरलेल्या मजुरीवर जो धंदा चालतो, तो घरातल्या बाईचे अंग दुखू लागले की बंद पडतो.

आता गिऱ्हाइकाकडे येऊ. मोठ्या कंपनीच्या पाकिटात गिऱ्हाईक पैसे कशाचे देते? उत्तम मालाचे नाही. मागच्या महिन्यात होता तसाच याही महिन्यात असेल, या भरवशाचे. आपला माल एका खेपेला सोन्यासारखा आणि दुसऱ्या खेपेला खडे असलेला. पहिल्यांदा घेतो तो कौतुकाने घेतो, दुसऱ्यांदा कीव करून घेतो, तिसऱ्यांदा घेत नाही.

लिज्जत पापड सगळ्यांनी खाल्ला आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन तो सुरू केला. आज देशभरात हजारो बहिणी त्यात आहेत आणि त्या नोकर नाहीत, भागीदार आहेत. त्यांच्या यशाच्या गोष्टी सभांतून फार सांगतात, पण कामाची गोष्ट सांगत नाहीत. ती अशी की पीठ प्रत्येक बाई आपापल्या घरी मळत नाही. डाळ, मसाला, हिंग यांची खरेदी एकत्र, पीठ केंद्रावर मळायचे, ते मोजून बहिणींना द्यायचे, घरी लाटून वाळवून आणायचे, तपासून घ्यायचे आणि लाटण्याची मजुरी द्यायची. चव जिथे ठरते ते काम एका ठिकाणी आणि हाताचे काम घरोघरी. आपल्याकडच्या बचत गटात उलटे होते. वीस बायका वीस घरी वीस चवींचा मसाला कुटतात आणि एकाच नावाच्या पाकिटात भरतात. मग तक्रार की गिऱ्हाईक टिकत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. अन्न सुरक्षेचा २००६ चा कायदा २०११ पासून लागू आहे. लहानातल्या लहान धंद्यालाही नोंदणी लागते आणि चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. वजन, किंमत, बांधणीचा महिना, पत्ता हेही छापायचे. मी परवान्यांचा भोक्ता नाही, तुम्हाला माहीत आहे. पण हे करून टाका. क्रमांक नसला की तपासणीला येणाऱ्याचा हप्ता सुरू होतो, आणि तो नोंदणीच्या फीपेक्षा कितीतरी महाग पडतो.

ज्वारीकडे वळतो. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले. शहरातले डॉक्टर आता भाकरी खायला सांगतात. वीस वर्षांपूर्वी भाकरी खाणाऱ्याला गावंढळ म्हणणारे लोक ज्वारीच्या पिठाचे पाकीट शोधत हिंडतात, तेव्हा मजा वाटते. पण पीठ दळून पाकिटात भरले की धंदा झाला असे नाही. ज्वारीच्या कोंबात तेल असते. दळले की त्या तेलाला हवा लागते आणि काही आठवड्यांत पीठ कडवट होते. त्याआधीच त्याची विरी जाते. थापताना भाकरी चिरली की बाई पुन्हा ते पाकीट आणत नाही. मोठ्या कंपनीचे पीठ कारखान्यातून गोदामात, गोदामातून दुकानात जाता-जाता शिळे होते. तिला यावर उपाय करायला पुष्कळ खर्च येतो. तुम्हाला येत नाही. ज्वारी पोत्यात साबूत ठेवा, आठवड्याची मागणी आठवड्याला दळा, दळल्याची तारीख मोठ्या अक्षरात छापा. ताजेपणा विकण्यात लहान माणूस मोठ्याच्या पुढे असतो, आणि असा माल जगात फार थोडा आहे.

सोलापूरकडच्या बायकांनी याच अडचणीवर दुसरी वाट काढली. पीठ टिकत नाही, तर भाकरीच कडक करून टाकू! पातळ थापून, भाजून, पार कोरडी केलेली कडक भाकरी महिनोन् महिने टिकते, पोस्टाने जाते, पुण्या-मुंबईच्या दुकानांत दिसते. यात मोठे यंत्र नाही. दुष्काळी भागातल्या शिदोरीतून ही भाकरी आली. ती करायला ज्वारी मात्र विरीची लागते. पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी तिथे चालत नाही. आपल्याकडे खरिपाची ज्वारी जास्त, हे विसरून सोलापूरची नक्कल करू नका. काळ्या ज्वारीला पशुखाद्याचा बाजार आहे, तिच्यावर पाकिटाचा खर्च वाया.

सरकार लहान उद्योगाला वाचवील, या आशेवर असणाऱ्यांसाठी एक इतिहास. १९६७ साली सत्तेचाळीस वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव केल्या. पुढे ती यादी आठशेच्या वर गेली. लोणचे, पाव, घाणीचे शेंगदाणा तेल, सरसूचे तेल, सगळे त्यात. राखीव कुरणात राहायचे तर गुंतवणूक एका मर्यादेपुढे न्यायची नाही. म्हणजे ज्याला चांगले यंत्र घेऊन वाढायचे त्यालाच कायदा अडवणार. एप्रिल २०१५ मध्ये उरलेल्या वीस वस्तूही यादीतून काढल्या, त्यांत हे चारही पदार्थ होते. लहान तेलघाण्या मात्र त्याच्या कितीतरी आधी, राखीव असतानाच, गावोगाव बंद पडल्या होत्या. कुंपण होते, आत पीक नव्हते.

अनुदानाचेही तसेच. २०२० साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख. मिळत असेल तर घ्या, तो आपल्याच लुटीतला परतावा आहे. पण अनुदान मिळते म्हणून पाच लाखांच्या जागी पंधरा लाखांचे यंत्र घेऊ नका. त्याच योजनेत बचत गटाच्या प्रत्येक सभासदामागे चाळीस हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवलेले होते, खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी. उधारीचा जो आकडा आपण आत्ता मांडला, त्याला उपयोगी पडणारा योजनेचा भाग तेवढाच. आणि मी जिथे जिथे विचारले तिथे यंत्राची चौकशी सगळ्यांनी केली होती, बीजभांडवलाची एकाने.

जेवणानंतर मागच्या खोलीत आपण बसणार आहोत. ज्यांच्या मिल चालू आहेत आणि ज्यांच्या बंद आहेत, दोघांनीही यावे, बंदवाल्यांनी आधी. वही असेल तर वही आणा. नसेल तर लाइटची बिले आणि दुकानदारांच्या येण्याची यादी आणा, त्यावरून मिल किती दिवस फिरली आणि पैसा किती दिवस अडकला ते काढता येते. ज्यांनी तुरीचे आणि डाळीचे नमुने सोबत आणले आहेत त्यांनी ते वेगवेगळ्या पुड्यांत ठेवावेत, आणि वाळवण किती दिवस केली ते पुडीवर लिहावे.